कबूल केलेला भाव : ल्योंच्या रेशीम विणकरांचा उठाव, नोव्हेंबर १८३१

प्रत्येक मागवाल्याकडे एक वही असे. पेढीवरून रेशीम उचललं की तिच्यात वजन लिहायचं, विणलेलं कापड पोचवलं की कापडाचं वजन लिहायचं, आणि शेवटी मजुरी. फ्रान्समधल्या ल्यों शहराचा सगळा रेशीम धंदा या वहीवर चालायचा. तंटा झाला तर पुरावाही तीच. पण लेखणी पेढीवरच्या कारकुनाच्या हातात. भाव न लिहिताच काम गळ्यात मारतात आणि कापड तयार झाल्यावर सांगतील तो भाव घ्यावा लागतो, ही विणकरांची जुनी तक्रार होती.

नोव्हेंबर १८३१ मध्ये याच विणकरांनी रस्त्यातले दगड उपसून बॅरिकेड उभे केले आणि सरकारी फौजेला शहराबाहेर घालवलं. राज्यातलं दुसरं शहर म्हणून मिरवणाऱ्या ल्योंमध्ये त्यानंतर दहा दिवस राजाचा एकही शिपाई पाऊल टाकू शकला नाही. विणकरांना राजा बदलायचा नव्हता. त्यांची मागणी एकच होती : ठरलेला भाव द्या. हे प्रकरण मी वहीपासून सुरू करतोय ते यासाठीच. बॅरिकेडवरची लढाई वाचताना अंगावर काटा येतो, पण ती का झाली आणि जिंकूनही विणकरांच्या हाती काही का लागलं नाही, हे त्या वहीतल्या मजुरीच्या रकान्याशिवाय उलगडत नाही.

धंद्याची घडी

वरच्या टोकाला काही शे व्यापारी. त्यांना 'फाब्रिकां' म्हणत. शब्दाचा अर्थ कारखानदार, पण कारखाना बहुतेकांकडे नव्हताच. ते रेशीम विकत घेत, नक्षी काढून घेत, परदेशातल्या ऑर्डरी मिळवत आणि रेशीम वाटत. त्यांच्याखाली सुमारे आठ हजार मागवाले. माग त्यांच्या स्वतःच्या मालकीचे, राहत्या घरात मांडलेले, कुणाकडे दोन, कुणाकडे सहा. त्यांच्या हाताखाली वीस-तीस हजार कारागीर. कारागिराला ठरलेली रोजंदारी नसे, मजुरीचा निम्मा वाटा मिळे. शिवाय घरातल्या बायका, शिकाऊ पोरं, कांड्या भरणाऱ्या मुली.

इचलकरंजीकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तिथला खर्चीवाला यंत्रमागधारक असाच असतो. माग आपला, विजेचं बिल आपलं, सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरी 'पिका'वर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. मालक म्हणावं तर भाव ठरवायचा अधिकार नाही, मजूर म्हणावं तर सगळं भांडवल अडकलेलं. ल्योंचा मागवाला या कात्रीत होता. त्याचा कारागीर त्याच्याविरुद्ध न जाता त्याच्या खांद्याला खांदा लावून का उभा राहिला, याचंही उत्तर इथेच आहे. मजुरी निम्मी-निम्मी वाटली जात असल्यामुळे भाव पडला की दोघांच्या ताटातली भाकरी एकाच दिवशी लहान व्हायची.

त्यांची घरं डोळ्यांसमोर आणायला हवीत. जोसेफ मारी जाकार हा ल्योंचाच माणूस. १८०४ च्या सुमारास त्यानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर चालणारं यंत्र बसवलं, आपल्याकडे ज्याला जकार्ड म्हणतात तेच. ते मागाच्या माथ्यावर बसतं, त्यामुळे छत चारेक मीटर उंच लागतं. शहराच्या उत्तरेला क्रुआ-रूस नावाची टेकडी आहे, तिच्यावर अशा उंच खोल्यांच्या इमारती एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. मोठाल्या खिडक्या, उघड्या लाकडी तुळया, आणि तुळयांना टेकू देऊन घट्ट बसवलेला माग. उजेडाची जागा मागाची. माणसांना उरेल तो कोपरा. चूल तिथेच, आणि झोपायला वर बांधलेला लाकडी पोटमाळा. मागाच्या आवाजाला तिथल्या बोलीत 'बिस्तांक्लाक' म्हणतात. पावडी दाबली, धोटा गेला, फणी आपटली, असा त्याचा ठेका. पहाटेपासून रात्री दिव्याच्या उजेडापर्यंत या ठेक्यात जेवायचं, पोरं वाढवायची, आजारी पडायचं.

आता पेढी. कामासाठी थांबायची जागा गजांनी अडवलेली असे, विणकर तिला 'पिंजरा' म्हणत. तिथे ताटकळत उभं राहायचं. नक्षीचं काम मिळालं तर माग नव्यानं मांडायचा, ताणा भरायचा, पुठ्ठे बसवायचे. यात आठवडे जात आणि त्याबद्दल वेगळी दिडकी नसे. ऑर्डर मोठी निघाली तर हा खर्च भरून येई. चार तुकडे विणून झाल्यावर नक्षी बाजारातून उतरली तर मागवाला खड्ड्यात. मग काटा. रेशीम दमट हवेत वजन धरतं आणि कोरड्या हवेत सोडतं, त्यामुळे दिलेलं किती आणि परत आलेलं किती यावर कायमची कटकट. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तूट निघाली की ती विणकराच्या मजुरीतून जाई, वर चोरीचा संशय.

तिसरी गोष्ट भूगोलाची. क्रुआ-रूस तेव्हा ल्योंमध्ये मोडत नव्हती. १८५२ पर्यंत तिची नगरपालिका वेगळी होती, मध्ये शहराची तटबंदी. जकातीबाहेर असल्यामुळे तिथे खाणंपिणं स्वस्त, भाडंही कमी. विणकर वर राहत, पेढ्या खाली पायथ्याशी, नगरभवनासमोरच्या तेरो चौकाच्या आसपास. दोन्हींना जोडणारा ग्रांद-कोत हा दम काढणारा चढाचा रस्ता. उतारावरच्या इमारतींच्या पोटातून आरपार जाणारे बोळ आहेत, त्यांना 'त्राबूल' म्हणतात. पावसात कापड न भिजता खाली न्यायला हे बोळ सोयीचे. रेशीम घेऊन वर, कापड घेऊन खाली, अशी वर्षानुवर्षं ये-जा केलेल्या माणसाला त्या टेकडीचा जिना न् जिना पाठ होता. सैन्याला तो नव्हता.

दरपत्रक

जुलै १८३० च्या क्रांतीत फ्रान्सचा राजा बदलला, त्यानंतर बाजार बसला होता. झ्युरिक, क्रेफेल्ड आणि इंग्लंडमधल्या विणकामाशी चढाओढ होती. व्यापारी म्हणत, बाजारात भाव नाही, तर मजुरी कुठून देऊ. नेपोलियनच्या दिवसांच्या मानानं मजुरी निम्म्याच्याही खाली आली आहे, हे जुने विणकर हिशेब करून सांगत. पुढे ऑर्डरी परत येऊ लागल्या, मजुरी मात्र जागची हलेना. माझ्या मते ठिणगी इथे पडली. मंदीत माणूस दात-ओठ खाऊन दिवस काढतो. समोरच्या पेढीवर गाठोडी बांधली जाताना दिसतात आणि आपल्या वहीत तोच जुना आकडा पडतो, हे त्याला सहन होत नाही.

मागणी होती 'तारीफ'ची, म्हणजे प्रत्येक जातीच्या कापडासाठी किमान मजुरीच्या दरपत्रकाची. ती नवी नव्हती. १७८६ मध्ये याच शहरात कापडाच्या मापामागे दोन सू (तिथलं बारकं नाणं) वाढवून मागत बंड झालं होतं, आणि नेपोलियनच्या अमदानीत दरपत्रकं ठरलीही होती. कायदा मात्र आडवा होता. १७९१ च्या ल शापलिए कायद्यानं मजुरीसाठी एकजूट करायला बंदी घातली होती आणि दंडसंहितेनुसार वीसपेक्षा जास्त माणसांच्या संघटनेला सरकारी परवानगी लागे. पिएर शार्निए या मागवाल्यानं १८२८ मध्ये परस्पर साहाय्याचं मंडळ उभारलं, तेही या कायद्यातून वाट काढून. सगळे सभासद वीसपेक्षा कमी जणांच्या गटांत विभागलेले. पोलिसांना चुकवण्यासाठी केलेली ही विभागणी पुढे निरोप पोचवायला आणि माणसं जमवायला फार उपयोगी पडली.

ऑक्टोबर १८३१ मध्ये विणकर प्रीफेक्टकडे गेले. प्रीफेक्ट म्हणजे जिल्ह्याचा सरकारी प्रमुख, आपल्या कलेक्टरसारखा. त्याचं नाव बुव्हिए-द्यूमोलार. त्यानं दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना समोरासमोर बसवायचं कबूल केलं. २५ ऑक्टोबरला बैठक भरली आणि त्या दिवशी हजारो विणकर टेकडी उतरून खाली आले. हातात शस्त्र नाही, घोषणा नाही, रांगा धरून, शांत. तुमच्या अशा उभं राहण्यानं दरपत्रक दडपणाखाली झालं असं म्हटलं जाईल, असं प्रीफेक्टनं त्यांना सांगितलं आणि ते आले तसे निघून गेले. दरपत्रक मंजूर झालं. रात्री टेकडीवर दिवे लागले, लोक नाचले. हे दरपत्रक १ नोव्हेंबरपासून लागू व्हायचं होतं. त्यावरून तंटे झाले तर निवाडा प्रूदॉम मंडळानं करायचा होता. धंद्यातले वाद धंद्यातल्याच लोकांनी सोडवावेत म्हणून नेपोलियननं १८०६ मध्ये देशातलं असं पहिलं मंडळ ल्योंमध्येच नेमलं होतं.

सगळ्या प्रकरणात मी पुन्हा पुन्हा ज्या दिवसाकडे परत येतो तो हा. बंडखोर म्हणून पुढे ज्यांची नावं झाली त्यांनी महिनाभर आधी एका अधिकाऱ्याच्या शब्दावर चौक रिकामा केला होता.

शब्द फिरला

१० नोव्हेंबरला १०४ व्यापाऱ्यांनी निवेदन काढलं. दरपत्रक जबरदस्तीनं लादलं आहे, ते आम्हाला बांधील नाही. विणकरांच्या अडचणींबद्दल त्यात म्हटलं होतं की त्यांनी स्वतःला नसत्या गरजा लावून घेतल्या आहेत. पोटमाळ्यावर झोपणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. कित्येक पेढ्यांनी दरपत्रकाचा भाव द्यायचं नाकारलं.

पॅरिसमध्ये कासिमिर पेरिएचं सरकार होतं. पेरिए स्वतः बँकर. काम देणारा आणि काम घेणारा यांच्या सौद्यात सरकारनं पडू नये, ही त्या सरकारची ठाम श्रद्धा, आणि प्रीफेक्टनं मर्यादा ओलांडली असा त्याचा निष्कर्ष. नोव्हेंबरच्या मध्यावर प्रीफेक्टला प्रूदॉम मंडळाला कळवावं लागलं की दरपत्रकाला कायद्याचं बळ नाही, तो फक्त सन्मानानं दिलेला शब्द आहे. म्हणजे पाळला तर पाळला.

बुव्हिए-द्यूमोलारबद्दल माझं मत दोन बाजूंनी ओढलं जातं. भुकेल्या माणसांचं ऐकून घेणारा तो त्या शहरातला जवळपास एकटा अधिकारी होता. पण जे द्यायचा अधिकार आपल्याला नाही ते त्यानं देऊ केलं. वाटाघाटी घडवून आणणाऱ्यानं कागदावर सह्या घेण्याआधी, उद्या एखाद्यानं सही मोडली तर दाद कुठे मागायची, हे पक्कं करायला हवं होतं. ते झालं नाही आणि त्याची किंमत त्याच्यापेक्षा विणकरांनी कितीतरी जास्त मोजली.

दोन दिवस

२१ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी विणकरांचे जथे टेकडीवर घरोघर फिरून माग थांबवू लागले. त्या दिवसापुरता 'बिस्तांक्लाक' बंद. मग ते खाली शहराकडे निघाले. ग्रांद-कोतच्या उतारावर राष्ट्रीय रक्षकदलाची तुकडी आडवी आली. हे नागरिकांचं दल होतं आणि या तुकडीत बहुतेक पेढ्यांवरचीच माणसं होती. तुकडीनं गोळ्या झाडल्या, काही विणकर पडले. सैन्यानं गोळी घातली असती तर राग सरकारवर गेला असता. इथे गोळी घालणारा हात वहीत आकडे लिहिणाऱ्या पेढीचाच होता. मजुरीच्या भांडणात रक्ताचं वैर शिरलं ते या घटकेला.

पडलेल्यांना घेऊन माणसं वर पळाली, 'शस्त्र घ्या, आपल्या भावांना मारताहेत' म्हणत. काही तासांत क्रुआ-रूसच्या तोंडाशी बॅरिकेड उभे राहिले, फरसबंदीचे दगड आणि उलट्या पाडलेल्या गाड्या रचून. वर काळं निशाण, त्यावर ते शब्द : 'काम करत जगू, नाहीतर लढत मरू.' यातला पहिला भाग लोक विसरतात. लढण्याआधी त्यात काम आहे.

बॅरिकेड टिकले याची कारणं साधी होती. कित्येक मागवाले स्वतः राष्ट्रीय रक्षकदलात होते. १८३० नंतर नव्या राजवटीनंच त्यांच्या हाती बंदुका दिल्या होत्या. बरेच जण नेपोलियनच्या लढायांत मुरलेले. आणि टेकडी अशी की खालून येणाऱ्या पलटणीला अरुंद चढावरून ओळीनं यावं लागे, तर वरून उतरणारा विणकर त्राबूलमधून तिच्या मागे निघे. प्रीफेक्ट आणि रक्षकदलाचा सेनापती ओर्दोनो समजूत घालायला वर गेले आणि अडकले. प्रीफेक्टला त्याच दिवशी सोडलं, सेनापतीला नंतर.

२२ तारखेला सोन आणि रोन या दोन्ही नद्यांपलीकडच्या वस्त्यांतले कामगार उठले. लढाई टेकडीवरून उतरून पूल आणि चौकांत आली. जनरल रोगेकडे तीन हजारांच्या आसपास शिपाई होते आणि तो स्वतः आजारी. २३ च्या पहाटे, अंधार असतानाच, त्यानं फौज उत्तरेकडे काढली. जातानाही सँ-क्लेरच्या वाटेवर तिला मार खावा लागला. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून मेलेले आणि जखमी झालेले सुमारे सहाशे.

शहर हाती, भाव नाही

२३ च्या सकाळी ल्यों विणकरांचं होतं आणि त्यांना त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. इथे बरेच अभ्यासक त्यांना कमी लेखतात, राजकीय जाण नव्हती म्हणतात. मला ते पटत नाही.

नगरभवनात काही प्रजासत्ताकवाद्यांनी घाईघाईनं जाहीरनामा छापला, राजवटीविरुद्ध. विणकरांच्या गटप्रमुखांनी तो झिडकारला. फाटक्या कपड्यांतली माणसं टाकसाळीवर आणि खजिन्यावर पहाऱ्याला उभी राहिली. लूट करताना सापडलेल्या दोघांना गोळ्या घातल्या. ज्या एका घरातून त्यांच्यावर गोळीबार झाला होता तिथला माल त्यांनी बाहेर काढून रस्त्यात जाळला, घरी नेला नाही. शहर सोडून न गेलेल्या प्रीफेक्टशी त्यांनी पुन्हा बोलणं सुरू केलं, आणि थोड्याच दिवसांत कारभार जवळजवळ त्याच्या सल्ल्यानं चालू लागला.

हे भोळेपणानं झालं असं मी म्हणणार नाही. त्यांना जे हवं होतं ते नगरभवनात ठेवलेलंच नव्हतं. बंदूक रोखून व्यापाऱ्याला दरपत्रकावर सही करायला लावता येईल, पण न्यूयॉर्कहून ऑर्डर मागवायला, रेशीम विकत घ्यायला, मागावर चढवायला कसं लावणार? व्यापाऱ्यानं पेढी बंद ठेवली की आठ हजार घरांतले माग उभेच. आठवडा काढायलाही त्यांच्याकडे शिल्लक नव्हती. आपली मजुरी कोणत्या साखळीतून येते हे त्या धंद्यात जन्मलेल्या माणसांना पुरतं ठाऊक होतं. त्यांना शब्द पाळायला लावणारा कुणीतरी हवा होता, आणि तो सरकारशिवाय कोण असणार? म्हणून सरकारला हरवलेली माणसं सरकारच्याच माणसाकडे परत गेली.

३ डिसेंबरला राजपुत्र ऑर्लेआंचा ड्यूक आणि युद्धमंत्री मार्शल सूल्त वीस हजारांहून मोठी फौज घेऊन शहरात शिरले. एकही बॅरिकेड नव्हता. बंदुका काढून घेतल्या, रक्षकदल बरखास्त केलं, दरपत्रक रद्द केलं, प्रीफेक्टला परत बोलावलं. ८ डिसेंबरला पॅरिसच्या 'जूर्नाल दे देबा'मध्ये सँ-मार्क जिरार्दँ यानं लिहिलं की समाजाला धोका असलेले रानटी लोक कॉकेशसमध्ये किंवा तार्तरीच्या गवताळ प्रदेशात नाहीत, ते आपल्या कारखानदारी शहरांच्या उपनगरांत आहेत. टाकसाळीवर पहारा देणाऱ्यांबद्दल, पंधरवड्याच्या आत.

पकडलेल्यांवरचा खटला ल्योंपासून दूर रिओं इथे चालवला. जून १८३२ मध्ये विणकर सुटले. ज्यूरीला त्यांच्यात राज्य उलथवणारे दिसले नसावेत.

नंतरची तीन वर्षं

सरकारनं आपला धडा घेतला. टेकडीच्या भोवती तटबंद्या वाढवल्या, ल्योंची फौज वाढवली. एप्रिल १८३४ मध्ये संघटनांवर आणखी कडक कायदा येत असताना आणि आधीच्या संपाबद्दल विणकरांच्या पुढाऱ्यांवर खटला चालू असताना पुन्हा बॅरिकेड उभे राहिले. या वेळी फौज माघारी गेली नाही. तिनं बॅरिकेडवर आणि घरांवर तोफा डागल्या, सुरुंगांनी भिंती फोडल्या. सहा दिवसांत तीनशेच्या आसपास माणसं मेली. १८३१ ची लढाई पेढीशी होती, १८३४ ची सरकारशी, आणि दुसरीसाठी विणकरांची तयारी नव्हती.

१८३५ मध्ये मिशेल देरियों यानं ग्रांद-कोतच्याच उतारावर सहकारी किराणा दुकान काढलं. जिथे गोळ्या चालल्या त्याच रस्त्यावर. युरोपातल्या सुरुवातीच्या ग्राहक सहकारी दुकानांत त्याची गणना होते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं साप्ताहिक, 'लेको द ला फाब्रिक'. दरपत्रक मंजूर झाल्यानंतर पाच दिवसांनी, ३० ऑक्टोबर १८३१ ला त्याचा पहिला अंक निघाला. उठाव झाला, फौज आली, दरपत्रक गेलं, तरी ते निघत राहिलं. 'कान्यू' हे विणकरांना चिडवायला वापरलं जाणारं नाव बदलावं म्हणून १८३२ मध्ये त्यानं वाचकांकडून नवीन नावं मागवली. एकही रुजलं नाही, विणकर कान्यूच राहिले. पण त्याचं रोजचं खरं काम वेगळं होतं. प्रूदॉम मंडळासमोर आलेले तंटे ते आठवड्यामागून आठवडा छापायचं. कोणत्या पेढीनं कुणाची मजुरी कापली, काट्यावर किती तूट दाखवली, माग मांडायचा खर्च कुणी नाकारला, मंडळानं काय निवाडा दिला, आणि दोन्ही बाजूंची नावं. पिंजऱ्यात एकटा उभा असलेल्या विणकराच्या वहीत जे घडायचं ते आता सगळ्या टेकडीला वाचता येऊ लागलं. मे १८३४ मध्ये ते बंद पडलं.